1909 चा न खेळलेला अंतिम सामना आणि दगाबाजीची गोष्ट

सिडनीच्या रग्बी लीग (रग्बीचा तेरा जणांच्या संघांचा प्रकार) क्लब स्पर्धेच्या दुसऱ्या, म्हणजे 1909 च्या हंगामाविषयी एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. साउथ सिडनी आणि बालमेन या दोन्ही क्लबांनी अंतिम सामन्यावर बहिष्कार घालायचे आपसांत ठरवले होते. साउथ सिडनीने शब्द मोडला, रिकाम्या मैदानात चेंडू मारून विजेतेपद लाटले आणि फसलेल्या बालमेनला त्याचा सूड घ्यायला 1969 साल उजाडावे लागले, अशी ती गोष्ट आहे. नाट्य उत्तम असले, तरी तपासून पाहता तिचे सांधे निखळतात.

आधी करार. असा करार झाल्याचे सांगणारेही तो तोंडी होता एवढेच सांगतात. त्यामुळे वर्तनावरूनच निष्कर्ष काढावा लागतो. अंतिम सामन्याच्या दिवशी, 18 सप्टेंबरला, बालमेनचे खेळाडू घरी बसून राहिले नव्हते, तर मूर पार्कच्या ॲग्रिकल्चरल ग्राउंडबाहेर उभे राहून लोकांना आत जाण्यापासून परावृत्त करत होते. ही उघड निषेधाची रीत झाली, गाफील ठेवून फसवल्या गेलेल्या संघाची नव्हे. प्रतिस्पर्धी संघ आत गेल्याचे कळल्यावर निर्णय बदलण्याचा मार्ग मैदानाच्या दाराशीच उभ्या असलेल्या संघाला मोकळा होता, आणि तो त्याने घेतला नाही. साउथ सिडनीने मैदानात उतरून चेंडूला लाथ मारली, समोर कोणीच नव्हते, आणि त्या संघाला पुढे चाल मिळाली. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी हजर राहण्याला दगा म्हणायचे असेल, तर आधी तो शब्द दिल्याचे सिद्ध व्हायला हवे.

मग बालमेनची तक्रार खोटी होती का? मुळीच नाही, आणि ही गोष्ट पसरवणाऱ्यांकडून सर्वाधिक अन्याय होतो तो याच मुद्द्यावर. त्या दिवशीचे मुख्य आकर्षण क्लबांचा अंतिम सामना नव्हता. ते होते कांगारू (ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीग संघ) आणि वॉलबी (ऑस्ट्रेलियाचा रग्बी युनियन संघ) यांच्यातील लढत. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रग्बी युनियन या पंधरा जणांच्या जुन्या प्रकाराचे सुवर्णपदक जिंकलेल्या वॉलबी संघातील अनेक खेळाडूंना हॉटेल व्यावसायिक जेम्स जॉयन्टन स्मिथ यांच्या पैशावर लीगकडे वळवण्यात आले होते, आणि सप्टेंबरभर त्यांचे सामने लावून गर्दी खेचली जात होती. लीगला, म्हणजे ही स्पर्धा चालवणाऱ्या संघटनेला, पैशाची निकड होती: कांगारू संघाचा ब्रिटनचा पहिला दौरा तोट्यात गेला होता, आणि संस्थापकांपैकी जे. जे. गिल्टिनन व खजिनदार व्हिक्टर ट्रम्पर (होय, क्रिकेटमधला तोच विख्यात फलंदाज) यांना त्याच वर्षी पदे गमवावी लागली होती. अशा परिस्थितीत सबंध हंगामाचा निर्णायक सामना नाटकाआधीच्या नांदीसारखा दुपारी उरकून घेण्याचे ठरले. बालमेनने त्याला अपमान मानले, आणि ते माझ्या मते रास्तच होते. मात्र हा अपमान लीगच्या कारभाऱ्यांनी केला होता, साउथ सिडनीने नव्हे. दगाबाजीची गोष्ट नेमके हेच झाकते. कारभाऱ्यांवरचा रोष तिने शेजारच्या क्लबवर वळवला.

विजेतेपद फुकटचे होते, हाही आक्षेप घेतला जातो. अंतिम सामना झाला नाही, हे खरे आहे. तथापि साखळी सामन्यांअखेर गुणतालिकेत पहिला क्रमांक साउथ सिडनीचा होता आणि बालमेन दुसऱ्या स्थानी होता; शिवाय 1908 च्या अंतिम सामन्यात ईस्टर्न सबर्ब्जला 14-12 असे हरवून पहिले विजेतेपद याच संघाने मिळवले होते. सबंध हंगामात वरचढ ठरलेल्या संघाला उपटसुंभ ठरवणे बरोबर नाही.

साठ वर्षांच्या सुडाचा भाग तर केवळ निकाल पाहिले तरी कोसळतो. बालमेनने 1915 मध्ये एकही सामना न गमावता आपले पहिले विजेतेपद मिळवले, म्हणजे सहाच वर्षांत. 1916 च्या अंतिम सामन्यात त्याने हरवले ते साउथ सिडनीलाच, 5-3 असे. 1924 मध्ये पुन्हा तेच, 3-0. आणि 1939 मध्ये 33-4, ज्याला एकतर्फी याखेरीज दुसरा शब्द नाही. सूडच मोजायचा असेल, तर 1969 पूर्वी तो तीनदा घेऊन झाला होता. 1969 च्या 11-2 या विजयाची थोरवी वेगळ्या कारणाने आहे: समोर 1967 आणि 1968 चा विजेता साउथ सिडनी होता, जो पुढे 1970 आणि 1971 सालीही जिंकला, आणि या दोन जोड्यांच्या मधोमध बालमेनने त्याला एकच ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून गुण मिळवणे) करून, पण भक्कम बचावाच्या बळावर रोखले. त्या दिवशी खेळलेल्यांपैकी कोणाचा 1909 साली जन्मही झालेला नव्हता.