तोंड बंद ठेवा, माश्या आहेत

बायकोला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि आम्ही ऑस्ट्रेलियात, ॲडलेडच्या उत्तरेला साडेआठशे किलोमीटरवर, भर वाळवंटात, कूबर पेडी नावाच्या गावात येऊन पडलो. निघताना सगळ्यांनी सापांची भीती घातली, कोळ्यांची घातली, 45 च्या वर जाणाऱ्या उन्हाळ्याची घातली. माश्यांबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही!

उन्हाचं एक वेळ ठीक आहे हो, त्याला उपाय आहे. 1915 साली इथं एका 14 वर्षांच्या पोराला ओपल नावाचं रत्न सापडलं, तेव्हापासून लोक जमीन उकरतच सुटलेत आणि त्याच नादात घरंही टेकडीच्या पोटात कोरून घेतलीत. आमचंही तसलंच. बाहेर जीव जायची वेळ आली तरी आत चोवीसेक डिग्री, एसीबिसी काही नाही, मस्त पांघरूण घेऊन झोपा.

पण दूध आणायला तरी बाहेर पडावंच लागतं ना.

ही माशी चावत नाही. चावली असती तर निदान नीट दुश्मनी तरी धरता आली असती. हिला फक्त ओल हवी, आणि एवढ्या कोरड्याठाक मुलखात ओलं काय, तर माझे डोळे, नाक आणि ओठ. हाकलली की उठते, अर्धी गिरकी मारते आणि डोळ्याच्या त्याच कोपऱ्यात येऊन बसते, जसं काही तिथं रुमाल टाकून जागा धरलीय. आयुष्यात पहिल्यांदा मला म्हशीच्या शेपटीचा हेवा वाटला. शेपूट नाही म्हणून मग हातच हलवायचा, सतत, तोंडासमोर, आणि त्याला इथले लोक कौतुकानं 'ऑसी सॅल्यूट' म्हणतात. आईला व्हिडिओ कॉलवर गाव दाखवत होतो तर ती म्हणाली, "अरे आत्ताच तर फोन केलास, लगेच टाटा काय करतोस?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि एक आत गेली.

शेजारच्या म्हाताऱ्या खाणवाल्यानं सांगितलं, सगळं खापर शेणावर. 1788 ला इंग्रजांनी जहाजातून गुरं आणली, पण इथल्या शेणकिड्यांना सवय कांगारूच्या सुक्या लेंड्यांची, ते ओल्या पोला तोंडच लावेनात, मग काय, माश्यांची चंगळ. आणि गुरं तरी किती, इथून पूर्वेला जो ॲना क्रीक नावाचा गोठा आहे (गोठाच म्हणतो मी), तो आख्ख्या पुणे जिल्ह्याएवढा आहे! शेवटी 1965 पासून पुढं वीस वर्षं सरकारी शास्त्रज्ञांनी परदेशातून शेणकिडे आणून सोडले. माझी आजी वाड्यापुढचा पो जमिनीला टेकायच्या आत उचलून गोवरी थापायची, तिला व्हिसा दिला असता तरी काम झालं असतं.

दुकानात डोक्यावरून ओढायची जाळी मिळते. मी घेतली. पहिल्याच दिवशी एक माशी आणि मी, दोघंही जाळीच्या आत.

एक बरंय, सूर्य बुडाला की सगळ्या एकदम गायब. मग मी चहा घेऊन दारात बसतो. हाताला मात्र अजून ते कळलेलं नाही, तो आपला हलतच असतो, त्यामुळे जाणारा प्रत्येक ट्रकवाला मला उलट हात करतो आणि काल तर एक जण चक्क गाडी थांबवून चहाला आला.