चपलेच्या वासाने फिट थांबत नाही, आणि गोळ्या एका दिवसात सोडायच्या नसतात

‘मिरगीच्या गोळ्या मेंदू बधिर करतात. दोन वर्षे फिट आली नसेल तर त्या आजच बंद करा. फिट आलीच तर कांदा किंवा चप्पल हुंगवा. औषधांचे संशोधन म्हणजे गरिबांवरचे प्रयोग असतात.’ हा संदेश सोलापुरातल्या किती गटांत फिरला, ते मोजणे कठीण आहे. आमच्या नात्यातल्या गटात तो एका वडीलधाऱ्यांनी काळजीपोटी टाकला आणि यंत्रमाग कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या भाच्याने तो मनावर घेतला. दोन वर्षे तीन महिने त्याला फिट आलेली नव्हती. गोळ्या बंद केल्यापासून नवव्या दिवशी तो चालू मागाशेजारी कोसळला. बाजूच्या कामगाराने तत्काळ माग बंद केला म्हणून त्याचा हात वाचला. दुसऱ्या कोणीतरी त्याच्या नाकाला चप्पल लावली.

त्या चपलेचे श्रेय आधी निकालात काढू. बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. चप्पल शोधून नाकाशी धरेपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो, त्यामुळे थांबणाऱ्या झटक्याशेजारी चप्पल दिसते आणि तिचा महिमा वाढतो. त्या वेळी लोटा हाती आला असता तर लोट्याचा वाढला असता. दातांत चमचा घालणे तर याहून वाईट, कारण त्याने दात मोडतात. आणि जीभ गिळली जाण्याची जी भीती असते, तसे घडतच नाही. माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर रुग्णालय गाठावे.

खरा घात ‘आजच बंद करा’ या शब्दांत आहे. ही औषधे मेंदूतल्या पेशींचा अतिरेकी विद्युत आवेग दाबून ठेवतात. ती अचानक थांबवली की दाब एकदम सुटतो आणि एकामागून एक, न थांबणारे, जिवावर बेतणारे झटके येऊ शकतात. गोळ्या कधीच बंद करता येत नाहीत असे मात्र नाही, आणि संदेशातले हे अर्धसत्य मला नाइलाजाने मान्य करावे लागते. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास नेमका याच प्रश्नावर होता. किमान दोन वर्षे फिट न आलेल्या १,०१३ रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकावी तशी, विभागणी करून एका गटाची औषधे चालू ठेवली आणि दुसऱ्याची हळूहळू कमी करत बंद केली. पुढल्या दोन वर्षांत औषधे चालू असलेल्यांपैकी ७८ टक्के रुग्णांना फिट आली नाही, तर बंद केलेल्यांत हे प्रमाण ५९ टक्के राहिले. म्हणजे बंद करूनही निम्म्याहून अधिक जण नीट राहिले, पण तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने मात्रा उतरवून. मागाशेजारी उभे राहणाऱ्याने हा धोका पत्करावा का, हे त्याने आणि त्याच्या डॉक्टरांनी समोरासमोर बसून ठरवायचे असते.

‘प्रयोग’ म्हणून हिणवले जाते ते याच कामाला. हे हजार रुग्ण अभ्यासात सहभागी व्हायला तयार झाले नसते तर आजही डॉक्टरांना अंदाजानेच सांगावे लागले असते. आपल्याकडे देखरेख ढिली होती हे खरे. नव्या औषधांच्या चाचण्यांवरून २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला फटकारले होते. परंतु २०१९ च्या नियमांनुसार रुग्णाची लेखी संमती, रुग्णांचे हित जपले जाते का हे पाहणाऱ्या नैतिक समितीची मंजुरी आणि चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाई बंधनकारक आहे. तो संदेश लिहिणाऱ्याने कोणाची संमती घेतली होती?

गोळ्यांनी गुंगी येते, ही तक्रार काहींच्या बाबतीत रास्त आहे. तिच्यावर मात्रा किंवा औषध बदलून मार्ग निघतो.

भाच्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत. त्या बंद करण्याचा विचार करण्यासाठी लागणारी फिटविरहित वर्षे आता पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायची आहेत.