याला जो म्हणायचं की शॉन?

‘अमेरिकन निन्जा’ या मारामारीपटांच्या मालिकेचा पाचवा भाग सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता आणि भाच्यानं विचारलं, ‘मामा, शॉनला सगळे जो का म्हणतायत?’

मला उत्तर देता आलं नाही. कारण उत्तर नाहीच. ज्यांनी तो सिनेमा बनवला त्यांच्याकडेही नव्हतं, आणि कुणी विचारेल असंही त्यांना वाटलं नव्हतं. काल रात्रीपासून माझं डोकं यानंच तापलंय.

दोन दिवस मोकळे काढून ‘अमेरिकन निन्जा’चे पाचही भाग त्याला ओळीनं दाखवायचे असं मी ठरवलं होतं. मी स्वतः ते लहानपणी तुकड्यातुकड्यांत पाहिलेले, कधी तिसरा आधी तर कधी दुसऱ्याची नुसती शेवटची मारामारी. पोराला तरी नीट, पहिल्यापासून बघायला मिळावेत एवढीच इच्छा. आणि पोरगं मन लावून बघत होतं. नावं पाठ झाली होती त्याची. जो आर्मस्ट्राँग, कर्टिस जॅक्सन, शॉन डेव्हिडसन. कोण कुणाचा मित्र, कुणाला कुणी वाढवलं, सगळं.

आणि मग हा पाचवा, 1993चा. चेहरा डेव्हिड ब्रॅडलीचा, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या भागातल्या शॉनचा. नाव जो, म्हणजे मायकल डुडिकॉफनं पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या भागात केलेल्या नायकाचं. आडनाव मात्र कॅसल. म्हणजे हा आर्मस्ट्राँगही नाही आणि शॉनही नाही, भलताच कुणीतरी तिसरा. एकाचं नाव, दुसऱ्याचा चेहरा, आणि आधीच्या चार सिनेमांशी काडीचा संबंध नाही! हा मुळात ‘अमेरिकन ड्रॅगन्स’ नावाचा वेगळाच सिनेमा होता. विकायला सोपं जावं म्हणून त्याच्यावर ‘अमेरिकन निन्जा 5’ ही पाटी ठोकली. ठोका ना. पण मग आत नाव तरी बदला! संहितेत जिथे जिथे ‘जो’ आहे तिथे ‘शॉन’ करायचं. शूटिंग आटोपलं असेल तर डबिंगला बसून तेवढे शब्द पुन्हा म्हणून घ्यायचे. फार तर एका दुपारचं काम. आणि तेही जमत नसेल तर निदान ‘जो’ सोडून जगातलं दुसरं कुठलंही नाव ठेवायचं. या मालिकेत एकच नाव असं होतं की जे ठेवायला नको होतं, आणि यांनी नेमकं तेच ठेवलं.

बजेट नव्हतं, हे मला कुणी सांगू नका. बजेट नव्हतं हे मला माहीत आहे, आणि त्यासाठी मी या सिनेमांवर कधीच रागावलो नाही. शूटिंग फिलिपिन्समधून दक्षिण आफ्रिकेत गेलं, मला चाललं. तोंड झाकलेला तोच निन्जा एका मारामारीत चारदा मरतो, चालतं. डुडिकॉफला कराटे येत नव्हतं, तरी तो गप्प उभा राहून जे करायचा ते मला आवडायचं, अजूनही आवडतं. कमी पैशात मन लावून केलेली मारामारी मला शंभर कोटींच्या सिनेमापेक्षा जवळची वाटते. पण प्रेक्षकाची आठवण जपायला पैसे लागत नाहीत. एक वाक्य लागतं.

तेच एक वाक्य यांनी तिसऱ्या भागातही लिहिलं नव्हतं! 1989 साली नायकच बदलला. ठीक आहे, डुडिकॉफ नव्हता, नवा माणूस आणला. ब्रॅडलीला खरंच लढता येतं, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण पडद्यावर कर्टिस आहे ना? दोन भाग जोच्या खांद्याला खांदा लावून लढलेला कर्टिस. त्याच्या तोंडी जो कुठे आहे याचा धड खुलासा नको? जिवाभावाचा मित्र गेला कुठे आणि हा नव्या पोराबरोबर कसा काय निघाला, हे आम्ही आपापसांत ठरवायचं का?

चौथ्यात तर कहर. जो परत आला, शॉनही आहे, दोघं एकाच सिनेमात. ज्याची वाट बघावी असा भाग. पण कर्टिस नाही! त्याच्या जागी कार्ल ब्रॅकस्टन नावाचा नवा गडी. आणि जो आणि शॉन एकत्र दिसतात ते जेमतेम. दोन नायकांचे पैसे मोजायचे आणि त्यांना समोरासमोर उभं करायचं नाही, याला काय म्हणायचं?

आता विषय निघालाच आहे तर ‘किकबॉक्सर’चं पण ऐका. पहिल्या भागात (1989) व्हॅन डॅमचा कर्ट एरिक या भावासाठी जिवाचं रान करतो, मार खातो, शिकतो, जिंकतो. दुसऱ्या भागात व्हॅन डॅम नाही, म्हणून कर्ट आणि एरिक दोघांनाही खलनायक टाँग पोनं मारलं असं सांगून मोकळे, आणि आजवर नाव न ऐकलेला तिसरा भाऊ हजर. डेव्हिड. मी पहिला सिनेमा ज्या दोन भावांसाठी जीव मुठीत धरून पाहिला ते दोघं सांगोवांगी मेले! मग पाचव्यात (1995) तो डेव्हिडही मारला आणि आणखी नवा नायक आणला. टाँग पो तरी एकच ठेवायचा, तर तोही नाही. पहिल्या दोन भागांत मिशेल किसी होता, त्याची ती नजर, ती वेणी अजून डोळ्यांसमोर आहे. पहिल्या भागाच्या श्रेयनामावलीत तर नटाचं नावही टाँग पो असंच दिलं होतं. चौथ्यात तोंडावर मेकअपचा थर थापून दुसराच माणूस उभा केला. लहान मुलालाही कळतं.

आणि चक नॉरिसचा ब्रॅडक! ‘मिसिंग इन अ‍ॅक्शन’चे पहिले दोन भाग लागोपाठ चित्रित झाले. आधी दाखवायचा तो नंतर लावला, म्हणून त्याला मागची गोष्ट ठरवून 1985ला आणला. हे मी समजून घेतो, दोन्ही गोष्टी जुळतात. त्यात ब्रॅडक हा अमेरिकी सैनिक 1972ला पकडला जातो आणि दहा वर्षं व्हिएतनामच्या छावणीत सडतो. दहा वर्षं! त्या छावणीतले हाल बघून मला झोप आली नव्हती. मग 1988चा तिसरा भाग उघडतो 1975च्या सायगावमध्ये, आणि तिथे ब्रॅडक मोकळा, बायकोला शोधत फिरतोय. मग छावणीत कोण होतं? आधीच्या सिनेमात त्या माणसानं जे भोगलं ते सगळं यांनी एका तारखेत पुसून टाकलं.

नट बदलण्याला माझा विरोध नाही. जपानी नट शो कोसुगी एका निन्जापटात खलनायक, पुढच्यात नायक, त्याच्या पुढच्यात आणखी वेगळा, तरी मी ते तिन्ही आनंदानं बघतो, कारण तिथे प्रत्येक गोष्ट नवी आहे आणि मागचं काही लक्षात ठेवा असं ते मला सांगत नाहीत. पण आकडा लावलात की तुम्ही सांगताय, मागचं लक्षात ठेवून या. आम्ही ठेवून येतो. तुम्ही ठेवत नाही.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो कर्टिससाठी. त्याचं काम करणारा स्टीव्ह जेम्स खरा लढवय्या होता, हसरा होता, पहिल्या तिन्ही भागांत त्यानं पडदा राखला आणि प्रत्येक वेळी त्याला नायकाच्या मागे उभं केलं. दोनदा नायक बदलायची वेळ आली तेव्हा नायक करायला तोच समोर होता. त्याला द्यायचा होता तो सिनेमा! जोची आठवण त्याच्याकडे, शॉनची ओळख त्याच्याकडे, सगळे धागे एकट्याच्या हातात. त्याला एकही भाग दिला नाही. 1993 साली, ज्या वर्षी तो पाचवा भाग निघाला त्याच वर्षी, स्टीव्ह जेम्स 41व्या वर्षी गेला.

भाच्यानं झोपताना पुन्हा विचारलं, ‘मग कर्टिसचं काय झालं?’ चौथ्यात कुणी सांगितलं नाही, पाचव्यात कुणी सांगितलं नाही. मी काय सांगू त्याला?