छातीवर बसणारा मुंजा आणि जागरणाचा घातक उपाय

‘झोपेत अंग जखडणे म्हणजे छातीवर मुंजा बसणे, त्या वेळी श्वास थांबतो आणि कोणी हलवले नाही तर प्राण जातो, ज्यांना स्पष्ट स्वप्ने पडतात त्यांचा आत्मा देहाबाहेर भटकतो, म्हणून त्यांना धोका अधिक, उपाय म्हणून तीन रात्री बारा ते तीन जागून स्तोत्र म्हणावे,’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत आहे. बारावीचा अभ्यास करणाऱ्या माझ्या भाचीने तो वाचून जागरणे सुरूही केली, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

आधी उपायाचे पाहू, कारण खरा अपाय तोच करतो. स्वप्नांच्या, म्हणजे रेम निद्रेत मेंदू स्नायूंना शिथिल ठेवतो, जेणेकरून स्वप्नातली धावपळ आपण अंथरुणात करू नये. कधी जाग येते आणि ही शिथिलता मात्र काही सेकंद ते काही मिनिटे टिकून राहते. यालाच स्लीप पॅरालिसिस म्हणतात. अपुऱ्या आणि तुटक झोपेने ही गफलत वाढते, आणि नेमकी तीच झोप हा मजकूर मोडायला सांगतो! शार्पलेस आणि बार्बर या संशोधकांनी २०११ मध्ये ३५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेल्यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकांत ७.६ टक्के, तर विद्यार्थ्यांत २८.३ टक्के आढळले. मुंजाने पिंपळ सोडून वसतिगृहात बिऱ्हाड केले असे मानायचे नसेल, तर परीक्षार्थींच्या वेळी-अवेळी झोपण्याकडे पाहावे लागेल.

श्वास थांबत नाही. श्वासपटल चालूच असते. बरगड्यांमधले स्नायू सैल असल्यामुळे मुद्दाम खोल श्वास घेता येत नाही आणि छातीवर ओझे असल्यासारखे वाटते. कोणी हलवले नाही तरी झटका आपोआप ओसरतो. दिसणारी आकृती म्हणजे उघड्या डोळ्यांसमोर उरलेले स्वप्न.

अंग जखडण्याचा स्वप्नांशी संबंध आहे, एवढे मात्र नाइलाजाने मान्य करतो. स्वप्नात असल्याचे भान असलेली, म्हणजे ल्युसिड स्वप्नेही बहुधा रेम निद्रेतच पडतात. कीथ हर्न या संशोधकाने १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल येथे अशा स्वप्नातील माणसाने डोळ्यांच्या हालचालींनी दिलेल्या खुणा नोंदवल्या, कारण डोळ्यांचे स्नायू त्या वेळीही हलतात. जागेपणातून थेट स्वप्नात शिरू पाहणाऱ्यांना वाटेत अंग जखडल्याचा अनुभव येऊ शकतो. यात आत्म्याचा प्रवास कुठेच नाही.

रोज ठरावीक वेळी पुरेशी झोप घ्यावी आणि उताणे न झोपता कुशीवर झोपावे. दिवसा अनावर झोप येत असेल किंवा हसताना गुडघे एकाएकी लटके पडत असतील, तर मात्र नार्कोलेप्सी या झोपेच्या विकाराची शंका घेऊन डॉक्टरांकडे जावे.