अंगावर उठते ते सगळे पित्त नसते

आमची लेक साडेतीन वर्षांची असताना आषाढी एकादशीला आम्ही माझ्या माहेरी होतो. पानात साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात, दाण्याची आमटी आणि खमंग काकडी. दोन-तीन घास आमटी-भात खाऊन ती म्हणाली, "आई, तोंडात टोचतंय." हे ती त्याआधीही दोनदा म्हणाली होती आणि दोन्ही वेळा मी तिला नखरे करू नकोस म्हणून दटावले होते. त्या दिवशी मात्र दहा मिनिटांत तिच्या पोटावर, पाठीवर गांधी उठल्या आणि ओठ सुजला. घरातल्या चार अनुभवी बायकांनी एकमुखाने निदान केले, "पित्त उठलंय." आमसुले भिजत घातली, ते पाणी तिच्या अंगाला चोळले, वर पातळ घोंगडी पांघरली. अर्ध्या तासाने तिला उलटी झाली, आवाज घोगरा झाला, आणि ती माझ्या खांद्यावर मान टाकून निपचित पडली तेव्हा माझ्या भावाने गाडी काढली. तालुक्याच्या डॉक्टरांनी एक क्षण तिच्याकडे पाहिले आणि काही न विचारता मांडीत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन दिले. प्रश्न त्यांनी नंतर विचारले, आणि निघाली ती शेंगदाण्याची ॲलर्जी. बरे वाटल्यावरही तिला संध्याकाळपर्यंत सोडले नाही, कारण अशी प्रतिक्रिया ओसरून काही तासांनी पुन्हा उसळू शकते.

या गोष्टीला आता साडेपाच वर्षे झाली. आमसुलावर माझा राग नाही. राग आहे तो 'पित्त' या शब्दावर, ज्याच्या पोटात आपण शेंगदाण्यापासून डोकेदुखीपर्यंत सगळे कोंबतो आणि निर्धास्त होतो. गंमत अशी की 'ॲलर्जी' हा शब्द आपण नेमका उलट्या बाजूने तितकाच सैल वापरतो. कार्ले आवडत नाही, ॲलर्जी आहे. दूध पचत नाही, ॲलर्जी आहे. वजन वाढले, तर गव्हाची ॲलर्जी असणार. परिणामी ज्याला ती खरोखर आहे त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि ज्याला नाही तो कारण नसताना ताटातले पदार्थ वजा करत बसतो.

खरी अन्नाची ॲलर्जी ही पोटाची नव्हे, रोगप्रतिकारशक्तीची चूक असते. दाण्यातले किंवा दुधातले एखादे प्रथिन शत्रू समजून शरीराने त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करून ठेवलेली असतात. ते प्रथिन पुन्हा आले की काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, त्वचा, श्वास, पोट आणि रक्तदाब यांवर एकदम हल्ला होतो. म्हणूनच "थोडंसं खाऊन बघ, सवय होईल" हा आपल्याकडचा सर्वांत प्रेमळ आणि सर्वांत धोकादायक सल्ला आहे. सवय लावण्याचे उपचार आहेत, पण त्यांत मिलिग्रॅममध्ये मोजलेला दाणा तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली महिनोन्महिने देतात. मामीच्या चमच्याने ते होत नाही.

मराठी स्वयंपाकघरात दाणा टाळणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच कळेल. कूट कशात नसते? कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, आळूच्या फतफत्यात, मटकीच्या उसळीत, लसणाच्या चटणीत, शिवाय उपवासाच्या जवळपास प्रत्येक पदार्थात. "शेंगदाणा काही बदामासारखा नट नाही, डाळीच्या कुळातला आहे, त्याने काय होतं?" असे एका सुशिक्षित गृहस्थांनी मला ऐकवले. वनस्पतिशास्त्र त्यांचे बरोबर होते. ॲलर्जीला मात्र कुळाशी कर्तव्य नसते, प्रथिनाशी असते. भाजल्याने दोष जातो ही समजूतही इथे उलटी पडते, कारण कोरड्या भाजणीने दाण्यातली काही प्रथिने अधिकच उपद्रवी होतात. आणि ज्या लाकडी घाण्याच्या तेलाचे आज एवढे कौतुक आहे, ते आमच्या घरी वर्ज्य आहे. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगतेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाण्याच्या तेलात ते उरते. 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' असे मानणाऱ्यांना हे पटवताना माझी दमछाक होते.

पुढचा प्रश्न चमच्याचा आणि कढईचा. "चिवड्यातले दाणे वेचून देते ना तिला," असे एक शेजारीण अगदी मनापासून म्हणाली होती. दाणा वेचता येतो, त्याचे पोह्यांना लागलेले पीठ वेचता येत नाही. एका लग्नात केटररने "ताई, यात दाणे नाहीत" असे छातीठोकपणे सांगितले आणि ते खरेही होते, भाजीत दाणे नव्हते; पण वाढणारा मुलगा शेजारच्या भरल्या वांग्यांचाच डाव या भाजीत घालत होता. मी ते पाहिले म्हणून निभावले. तेव्हापासून मी "दाणे आहेत का" असे विचारतच नाही, कारण उत्तर नेहमी "नाही" असते. "यात काय काय घातलंय आणि वाढताय कशाने?" असे विचारते.

पाकिटबंद वस्तूंचे त्या मानाने बरे आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार ग्लूटेन हे चिकट प्रथिन असलेली गव्हासारखी धान्ये, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखी कवचफळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट (पदार्थ टिकवण्यासाठी घालतात ते रसायन) यांचा उल्लेख पाकिटावर करावा लागतो. मात्र या यादीत तीळ नाही आणि हरभराही नाही. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळ नववा प्रमुख ॲलर्जीकारक म्हणून लेबलवर येतो, आणि हरभऱ्याच्या ॲलर्जीची नोंद तर भारतातल्याच रुग्णांमध्ये झालेली आहे. बेसनाच्या देशात हे नाव यादीत असायला हवे, असे माझे मत आहे. आणि कोपऱ्यावरच्या दुकानातले सुटे फरसाण? त्याला लेबलच नसते.

दुधाबाबतचा घोळ सर्वांत जुना. दूध प्यायल्यावर पोट फुगणे, ढाळ होणे हा बहुतेकदा लॅक्टोज ही साखर न पचण्याचा प्रकार असतो. अशा माणसाला दही, ताक, तूप सहसा चालते आणि कपभर दूध चुकून गेले तर त्रास होतो, जीव जात नाही. दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्या बाळाला मात्र दही, पनीर, खवा यांतले काहीही चालत नाही, आणि "मग बकरीचं दूध द्या" हा सल्ला तर मुळीच चालत नाही, कारण गाईच्या आणि बकरीच्या दुधातली प्रथिने इतकी सारखी आहेत की बहुतेक मुलांना दोन्हींची प्रतिक्रिया येते. दिलासा एवढाच की दुधाची आणि अंड्याची ॲलर्जी बऱ्याच मुलांची वाढत्या वयात जाते. दाण्याची साधारण पाचांतल्या एकाची जाते.

गव्हाचे प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या नणंदेला सीलिएक आहे आणि तिच्याइतका अपमान आमच्या लेकीच्याही वाट्याला आला नसेल. सीलिएक ही ॲलर्जी नाही. ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते आणि ते झिजत जाते. या आजाराचा गव्हाशी असलेला संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी मांडला. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा हीच आजारी मुले सुधारल्याचे त्यांना दिसले होते. नणंदेला पोळी खाऊन लगेच काही होत नाही, गांधी उठत नाहीत, म्हणून सगळ्यांना वाटते की ती 'फॅड' करते. तिला चार जणांनी खपली गहू सुचवला. खपलीतही ग्लूटेन असते. रव्यात, शेवयांत, दलियात असते. भाकरीचा प्रदेश म्हणून आपण खरे तर भाग्यवान, कारण ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ सगळे मोकळे आहे. पण तिची ज्वारी गिरणीत गव्हापाठोपाठ दळली जायची, आणि कित्येक महिने पथ्य पाळूनही रक्ताचे अहवाल सुधारेनात. शेवटी घरघंटी घेतली. दुसरा चोर निघाला हिंग. बाजारातल्या डबीतल्या हिंगात खऱ्या हिंगापेक्षा पीठ आणि डिंक जास्त असतात आणि ते पीठ अनेकदा गव्हाचे किंवा मैद्याचे असते. चिमूटभर म्हणाल, तर ग्लूटेनमुक्त म्हणवण्याची मर्यादाच मुळी किलोला 20 मिलिग्रॅम आहे.

याच नणंदेच्या ऑफिसात तिघी जणी वजन उतरवायला ग्लूटेन सोडून बसल्या आहेत. त्यांनी ज्वारीची भाकरी खाल्ली तर माझे काही म्हणणे नाही. त्या महागडी ग्लूटेनमुक्त बिस्किटे खातात, ज्यांत गव्हाच्या जागी स्टार्च आणि वर साखर असते. पण खरा तोटा वेगळाच आहे. सीलिएकचा संशय असेल तर तपासणी होईपर्यंत गहू खात राहावे लागते, आधीच सोडला तर चाचणी खोटीच नॉर्मल येते. कारण नसताना पदार्थ सोडायला लावण्याची तीच कथा 'तुम्हाला काय सोसत नाही' हे सांगणाऱ्या दोनशे पदार्थांच्या रक्तचाचण्यांची. त्यांत बहुधा आयजीई नव्हे, आयजीजी ही वेगळी प्रतिपिंडे मोजतात, आणि आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खात आला आहात, एवढेच. माझ्या ओळखीच्या एका आईने असा अहवाल हाती घेऊन सात वर्षांच्या मुलाचे दूध, अंडी, गहू, टोमॅटो असे एकदम बंद केले आणि वर्षभरात त्याचे वजन जागचे हलले नाही. आयजीईची किंवा त्वचेवरची चाचणीसुद्धा एकटी पुरत नाही; खाल्ल्यावर काय घडले, याच्याशी जुळवूनच ती वाचायची असते.

मी स्वतःला बरेच दिवस दोष दिला. गरोदरपणात दाण्याचे लाडू खाल्ले म्हणून झाले असे कोणी म्हणे, बाळाला फार लवकर सगळे चारले म्हणून, असे दुसरे कोणी. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका मोठ्या अभ्यासाने नेमके उलटे दाखवले. ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या 640 बाळांपैकी निम्म्यांना 4 ते 11 महिन्यांच्या वयापासून दाण्याचे पदार्थ नियमित दिले आणि निम्म्यांना पूर्ण वर्ज्य केले. पाचव्या वर्षी वर्ज्य केलेल्यांत दाण्याची ॲलर्जी 17 टक्क्यांच्या आसपास निघाली, खाणाऱ्यांत 3 टक्क्यांच्या. अर्थात ज्या बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी आहे त्याला आधी डॉक्टरांना दाखवावे, आणि कोणत्याही तान्ह्याला अख्खा दाणा देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो.

आता लेक नऊ वर्षांची आहे. तिच्या शाळेच्या दप्तरात आणि माझ्या पर्समध्ये ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनची पिशवी असते, त्यावर डॉक्टरांनी लिहून दिलेली मात्रा चिकटवली आहे. खाजेच्या गोळीने गांधी बसतात, पण सुजलेला घसा मोकळा होत नाही, हे तिच्या वर्गशिक्षिकांना मी दरवर्षी जूनमध्ये नव्याने सांगते. संक्रांतीचा तिळगूळ आम्ही घरीच वळतो. तीळ तिला चालतो, पण बाहेरच्या लाडवांत कूट हमखास असते. लोकांच्या घरी गेली की ती हात पुढे करून तिळगूळ घेते, गोड बोलते, वाकून नमस्कार करते आणि जिना उतरताना तो मुकाट्याने माझ्या हातात देऊन हात धुवायला पाणी मागते.