दर तासाला कॅशे उडवणाऱ्यांनो, जरा थांबा

‘शेअर्ड सर्व्हर स्लो झालाय? हे चार उपाय करा’ असा एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. फिरू दे म्हणून सोडून दिला असता. पण आमच्या टीममधल्या एका ज्युनियरने त्यातला पहिलाच उपाय रूटच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी ॲडमिनच्या अधिकाराने कमांड आपोआप चालवणाऱ्या यादीत) नेऊन टाकला, तेव्हा म्हटलं आता बोलायलाच हवं.

तो पहिला उपाय असा: ‘फ्री’ कमांडमध्ये मोकळी रॅम कमी दिसली की दर तासाला ‘ड्रॉप कॅशेस’ फाइलमध्ये ३ लिहा, म्हणजे कॅशे उडवा. अहो, पण लिनक्स मोकळी रॅम मुद्दामच वापरतं! डिस्कवरून वाचलेलं तिथे ठेवलं (हीच कॅशे) की पुन्हा लागल्यावर डिस्कपर्यंत हेलपाटा नको. एखाद्या प्रोग्रामला मेमरी हवी झाली की कर्नल (लिनक्सचा गाभा) ही कॅशे आपणहून सोडतो. समजा ६४ जीबीच्या मशीनवर ‘फ्री’खाली २ आणि ‘अव्हेलेबल’खाली ४० दिसतंय, तर काहीही बिघडलेलं नाही. बघायचा तो ‘अव्हेलेबल’चा रकाना. त्यामागचा अंदाज कर्नल स्वतःच देतो, २०१४ च्या ३.१४ आवृत्तीपासून.

माझ्यावर विश्वास नको, कर्नलचं डॉक्युमेंटेशन उघडा. त्यात स्वच्छ लिहिलंय की ही फाइल कॅशेची वाढ आवरण्यासाठी नाही, उडवलेलं पुन्हा उभं करायला बराच आयओ (डिस्कवरचं वाचणं-लिहिणं) आणि सीपीयू खर्ची पडू शकतो, आणि टेस्टिंग-डिबगिंगच्या बाहेर हिचा वापर करू नये. वर सर्व्हर शेअर्ड! तुमच्या क्रॉनने एकट्या तुमची नाही, सगळ्यांची कॅशे जाते. तासाच्या ठोक्याला दुसऱ्या कुणाचा तरी डेटाबेस डिस्कवर जाऊन आपटतो, टॉप कमांडमधला ‘डब्ल्यूए’ (डिस्कची वाट बघण्यात गेलेला सीपीयूचा वेळ) वर चढतो, आणि सगळे नेटवर्कला शिव्या घालतात. डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) बघा, बहुधा ‘ड्रॉप कॅशेस: ३’ अशी ओळ प्रोसेसच्या (चालू प्रोग्रामच्या) नावासकट आणि पीआयडीसकट (नंबरासकट) सापडेल.

दुसरा उपाय: टॉपमध्ये १०० टक्के सीपीयू दिसला की ‘किल -९’ने प्रोसेस तडकाफडकी मारा. ते १०० टक्के एका कोअरचे (सीपीयूमध्ये असे अनेक कोअर असतात, प्रत्येक स्वतंत्र काम करतो). १६ कोअरच्या मशीनवर एकच प्रोसेस १६०० पर्यंत जाऊ शकते. आणि -९ ने मारलेल्या स्क्रिप्टला लॉक फाइल (‘मी चालू आहे’ अशी खूण) काढायचीही सवड मिळत नाही.

तिसरा: लोड ॲव्हरेज (चालू आणि रांगेतल्या प्रोसेसची सरासरी संख्या) १ च्या वर गेला की सर्व्हर संपला. आधी कोअर मोजा. शिवाय लिनक्स त्यात डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही धरतं.

चौथा: ‘नाइस १९’ (सीपीयूसाठी सगळ्यात मागचा नंबर) लावा आणि बिनधास्त काहीही चालवा. यात अर्धं खरं आहे, मान्य. सीपीयूसाठी नाइस लावाच. पण मेमरीशी त्याचा काही संबंध नाही. अख्खी सीएसव्ही मेमरीत ओढणारी स्क्रिप्ट नाइस लावूनही ओओएम किलरला (मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या कर्नलच्या भागाला) बोलावतेच, आणि तो मुख्यतः सर्वात जास्त मेमरी धरून बसलेल्याला उचलतो. तो कुणाचा तरी निरपराध डेटाबेसही असू शकतो.

मग करायचं काय? आधी थोड्या डेटावर स्क्रिप्ट ‘टाइम -व्ही’ने चालवा (‘बिन’ फोल्डरमधला टाइम, पूर्ण पाथ देऊन, कारण बॅश या शेलचा स्वतःचा टाइम ‘-व्ही’ घेत नाही) आणि ‘मॅक्सिमम रेसिडेंट सेट साइझ’, म्हणजे स्क्रिप्टने जास्तीत जास्त किती रॅम धरली ते, बघा. मग त्याच शेलमध्ये ‘यूलिमिट -व्ही’ने ॲड्रेस स्पेसवर (प्रोग्रामने मागून ठेवलेल्या एकूण मेमरीवर, वापरलेली असो वा नसो) मर्यादा घालून पुढचं चालवा, आकडा केबीमध्ये द्यायचा. जावासारखे प्रोग्राम ॲड्रेस स्पेस आधीच भरपूर अडवतात, ते या मर्यादेत कदाचित सुरूच होणार नाहीत. त्यांच्यासाठी ॲडमिनकडून सीग्रुपची (प्रोसेसच्या गटावर मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या सोयीची) मेमरी मर्यादा लावून घ्या.