तिसरा कॉलम खाली पडलाच पाहिजे

वेबपेजवर तीन कॉलम शेजारीशेजारी बसवायचे आहेत ना? मग ग्रिडच्या वाटेला अजिबात जाऊ नका. ग्रिड म्हणजे पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या सीएसएस या भाषेतली, आडव्या-उभ्या रकान्यांत मांडणी करायची सोय. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांनी एकाच महिन्यात ग्रिडला घरात घेतलं आणि या धंद्यातली सगळी मजा गेली. बाहेरच्या डब्याला ‘डिस्प्ले: ग्रिड’ म्हणायचं, कॉलमांपुढे ‘रिपीट(३, १एफआर)’, म्हणजे तीन सारखे वाटे, लिहायचं, मधल्या फटीला ‘गॅप’ द्यायचा, संपलं. तीन ओळींत काम झालं तर जागरण कशासाठी करायचं?

तुम्ही फ्लोट धरा. १९९६ च्या पहिल्या सीएसएसमध्ये तो आला तो चित्राच्या कडेने मजकूर वाहावा म्हणून. अख्ख्या पानाची मांडणी हे त्याचं काम नव्हतंच, तेव्हा आपल्याला अगदी योग्य. तिन्ही डब्यांना ‘फ्लोट: लेफ्ट’ आणि ३३.३३ टक्के रुंदी द्या. बसले रांगेत. पण मजकूर कडेला चिकटलाय, म्हणून चारी बाजूंनी २० पिक्सेल पॅडिंग, म्हणजे आतली मोकळी जागा, द्या. तिसरा कॉलम धाडकन खाली!

घाबरू नका, इथूनच खरं शिक्षण सुरू होतं. सीएसएसच्या मूळ हिशेबात रुंदी म्हणजे फक्त मजकुराची रुंदी. पॅडिंग आणि बॉर्डर वरून जोडली जाते. तीन डब्यांचे मिळून १२० पिक्सेल वाढले आणि तुमच्याकडे शिल्लक होता ०.०१ टक्का. ‘बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स’ लिहिलं की पॅडिंग रुंदीच्या आत मोजलं जातं. हे कोणी सुचवलं तर ‘बघतो’ म्हणा आणि रुंदी घटवत बसा. ३२, ३१, ३०.५. पानाला पूर्ण १४४० पिक्सेल मिळाले की ३०.५ ला तिन्ही बसतात. १३६६ च्या पडद्यावर तिसरा पुन्हा खाली जातो, पण तो पडदा क्लायंटचा. त्याला सांगा, ब्राउझरची कॅश (साठवलेली जुनी पानं) क्लिअर करा.

मग लक्षात येईल की बाहेरच्या डब्याचा रंग उडालाय. फ्लोट झालेली पोरं पालकाच्या उंचीत धरत नाहीत, त्यामुळे पालकाची उंची शून्य. ‘डिस्प्ले: फ्लो-रूट’ने हे मिटतं, म्हणून ते टाळा आणि उंची सरळ ८०० पिक्सेल ठोकून द्या. प्रत्येक कॉलमलाही तेवढीच. नमुन्याचा लॅटिन मजकूर त्यात अगदी शिस्तीत मावतो.

खरी बहार मराठी मजकूर आल्यावर. शीर्षकाला ‘लाइन-हाइट: १’ (ओळीची उंची अक्षराच्या मापाएवढीच) आणि ‘ओव्हरफ्लो: हिडन’ (डब्याबाहेर जाईल ते झाका) असं दोन्ही द्या, वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार छाटले जाण्याची पक्की सोय होते. वाचणारे अंदाजाने वाचतील, मराठी माणसाला तेवढं जमतं. शीर्षक आधुनिक दिसावं म्हणून ‘लेटर-स्पेसिंग’ (अक्षरांमधलं अंतर) ही चांगलं ४ पिक्सेल वाढवा. रोमन अक्षरं त्याने ऐटबाज दिसतात. देवनागरीची शिरोरेघ मात्र जागोजागी तुटते. आणि एवढ्या अरुंद कॉलममध्ये मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवायला विसरू नका. ‘महानगरपालिकेच्या’सारखा शब्द ओळीत मावला नाही की खाली उतरतो, वर उरतात दोन शब्द, आणि त्यांच्यामधून रिक्षा जाईल. याला कुणी नावं ठेवली तर ‘डिझाइन श्वास घेतंय’ म्हणायचं.

अजूनही काही ऐकत नसेल तर ‘इम्पॉर्टंट’, म्हणजे बाकीच्या नियमांवर मात करणारा शिक्का, लावा. दुसऱ्या कुणी आधीच लावलं असेल तर तुम्ही फाइलच्या तळाशी जाऊन लावा. मोबाइलचा विचार सध्या नको. लोकांना दोन बोटांनी पान मोठं करता येतं.

हे सगळं कसंबसं उभं राहिलं की क्लायंटचा फोन येईल: ‘चौथा कॉलम टाकता येईल का हो?’ ग्रिडवाला तीनचा चार करून मोकळा होतो आणि मग बिल कशाचं लावायचं या विवंचनेत पडतो. तुमचा चौथा मात्र लोकलच्या बाकावर चौथा टेकतो तसाच बसवावा लागणार, आधीच्या तिघांना सरकवून, पुन्हा साडेतीस टक्क्यांपासून. शांतपणे म्हणा, ‘आर्किटेक्चर बदलावं लागेल, आठवडा लागेल.’